नाग नदीकाठची डबा-माळ: अंबाझरीची पाळ ते जुम्मा तलाव, डबे किती आणि कुठे?

काठावरचा (धागा सुरू)

मंडळी, नाग नदीच्या काठाने जिओकॅशिंगची (डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश साइटवरच्या पानावर द्यायचे, लोकांनी शोधून आतल्या कागदावर नोंद करायची, असा खेळ) एक माळ लावायची आहे. सुरुवात अंबाझरीच्या पाळीखाली, शेवट जुम्मा तलावापाशी (गांधीसागर म्हणा की शुक्रवारी म्हणा, पाणी एकच). सरळ रेषेत साधारण पाच किलोमीटर. पायी त्याहून बरंच जास्त, कारण नदीला लागून सलग वाट नाही. या पुलावरून त्या पुलापर्यंत गल्ल्यांतून जावं लागतं.

कागदावरचा बेत असा: बारा डबे, सगळे साध्या प्रकारातले, म्हणजे दिलेल्या अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांवर थेट डबा. प्रत्येक अर्ध्या लिटरचा. दोन डब्यांत १६१ मीटरपेक्षा जास्त अंतर. पाचपैकी अवघडपणा (शोधायला) २, वाट (पोचायला) दीड ते तीन. पान मराठीत आणि इंग्रजीत.

अडलंय ते इथे. डबा कोणता घ्यावा म्हणजे मे आणि सप्टेंबर दोन्ही निघतील? आकडे फोनवर घेतले तर चालतात का? पावसाळ्यात डबे उचलून ठेवायचे का? आणि झिरो माइलचा दगड या माळेत ओवावा की नको?

डबे-डागडुजी

बारा खूप झाले, भाऊ. १६१ मीटर ही किमान मर्यादा आहे, तेवढ्या अंतरावर एक डबा ठेवलाच पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही. बारा डबे म्हणजे बारा ठिकाणची देखभाल. "कागद ओला", "झाकण फुटलं" अशा नोंदी पडायला लागल्या आणि मालक, म्हणजे डबा ठेवणारा, हलला नाही तर रिव्ह्यूअर (साइटच्या वतीने पानं तपासणारा) पान तात्पुरतं बंद करतो, साधारण चार आठवडे वाट पाहतो आणि मग कायमचं मिटवतो.

शहरातल्या पट्ट्यात डबा जाण्याची कारणं ठरलेली आहेत. पारदर्शक प्लॅस्टिक आणि लोखंड, दोन्ही भंगारात वजनावर विकलं जातं. काठावर कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागलेला डबा तो नेणारच, त्याची त्यात चूक नाही. दुसरं, दर उन्हाळ्यात महापालिका नाग, पिवळी आणि पोहरा या तिन्ही नद्यांचा गाळ काढते. पोकलेन उतरतं तेव्हा काठावरची झुडपं, सुटे दगड, राडारोडा सगळं सरकतं. नदीच्या भिंतीलगत फेब्रुवारीत ठेवलेला डबा जूनमध्ये तिथेच सापडेल हे डोक्यातून काढा. तिसरं कारण संशय. त्यावर कोणीतरी वेगळं लिहीलच.

आता डबा. अर्ध्या लिटरचा चार कड्यांचा डबा सगळ्यांना आवडतो, कारण आत खेळणी, नाणी, ट्रॅव्हल बग (डब्यातून डब्यात फिरणारे नंबरचे बिल्ले) मावतात. पण नागपूरच्या उन्हात त्याचं झाकण कडीच्या सांध्याशी तडकतं. पॉलिप्रॉपिलीन ऊन सोसत नाही, आणि सांधा पातळ असल्यामुळे पहिला तोच जातो. सावलीत ठेवा, आणि तडा दिसायची वाट न पाहता दोन उन्हाळ्यांनंतर झाकण बदला.

पाणी आत कसं शिरतं ते नीट समजून घ्या, म्हणजे निम्मे प्रश्न सुटतील. मे-जूनच्या दुपारी उन्हातल्या डब्यातली हवा ६० अंशांपर्यंत तापली असं धरा. वळवाची सर आली, डबा २५ अंशांवर आला. आतल्या हवेचा दाब दहाएक टक्क्यांनी उतरतो आणि डबा झाकणाच्या फटीतून पाणी ओढून घेतो. नुसतं शिंपडलेलं पाणी अडवणारं झाकण या ओढीपुढे हरतं. डबा जितका मोठा आणि जितका रिकामा, तितकी आत जास्त हवा, तितकी ओढ जास्त.

त्याहून साधी चूक म्हणजे आतल्या झिप-पिशवीचा कोपरा झाकणाच्या रबरात चिमटला जाणं. तो कोपरा दिव्याच्या वातीसारखा पाणी आत नेतो. शोधणारा घाईत असतो, त्याला दिसत नाही. म्हणून पिशवी डब्याच्या निम्म्या आकाराची घ्या. मोठी पिशवी कोंबून बसवली की कोपरा वर येणारच.

चाचणी: आत कोरडा टिश्यू पेपर आणि एक गोटा टाका, झाकण लावा, डबा एक तास उन्हात ठेवा आणि तापलेला असतानाच गार पाण्याच्या बादलीत बुडवा. रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी टिश्यू कोरडा निघाला तरच तो डबा बाहेर न्यायचा. गार डबा गार पाण्यात बुडवला तर जवळपास सगळे पास होतात, त्या चाचणीला अर्थ नाही.

पाटकरी

काठावरचा भाऊ, तुम्ही नदी म्हणून निघालात, पण ही वाट खरी पाणीपुरवठ्याची आहे, ते पानावर येऊ द्या. नाग नदी वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांतून येते आणि अंबाझरीला अडवली जाते. तलाव भोसल्यांच्या वेळेपासूनचा. पण "१८७० साली भोसल्यांच्या राजवटीत बांधला" हे वाक्य जिथेतिथे उतरवलेलं दिसतं, ते जुळत नाही. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि राज्य खालसा झालं. १८७० ला राज्यच नव्हतं. त्या सुमारास झालं ते इंग्रजी अमदानीतलं वाढवण्याचं काम. इंजिनियर अलेक्झांडर बिनी. हाच पुढे लंडनला गेला आणि थेम्सखालच्या ब्लॅकवॉल बोगद्याच्या कामावर होता.

बिनीचं नाव इथे उगाच काढलेलं नाही, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच तक्त्यात आहे. नागपूरजवळच्या १६ चौरस किलोमीटरच्या एका पाणलोटाचं पाणी त्याने १८६९ आणि १८७२ मध्ये मोजलं. इंजिनियरिंगच्या पोरांना आजही जलविज्ञानात बिनीचे टक्के शिकवतात: वर्षाचा पाऊस ५०० मिमी असेल तर १५ टक्के वाहून येतं, १००० मिमी असेल तर ३८ टक्के, ११०० ला ४०. पाऊस दुप्पट झाला की वाहणारं पाणी पाचपट. कारण आधीचा पाऊस जमीन पिऊन टाकते; जमिनीचं पोट भरलं की पुढचा सगळा नदीत.

म्हणजे काहून का जूनची जोरदार सर तुमच्या डब्याला फारशी काही करत नाही, आणि तेवढीच सर सप्टेंबरात आली तर डबा वाहत शहराच्या पूर्व टोकाला, पारडीच्या पुढे. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नेमकं तेच झालं. तलाव आधीच भरलेला, वर ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी ओसंडली आणि खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं. तेव्हा लोक "जूनमध्ये डबे उचलतो, दसऱ्याला ठेवतो" म्हणतात ते अर्धंच बरोबर आहे. उन्हाळ्यातला गाळ-उपसा आणि सप्टेंबरचा पूर, दोन्ही टाळायचे तर नदीच्या भिंतीवर किंवा भिंतीच्या आत डबा नकोच. भिंतीच्या वरच्या कडेपेक्षा उंच आणि रस्त्याच्या बाजूला, एवढं पाळा म्हणजे वर्षभर उचलायची गरज नाही.

आणि पाळीबद्दल एक. ते मातीचं धरण आहे. आतल्या उताराला जे दगड बसवलेत ते लाटांपासून माती वाचवायला. त्यातला एक दगड हलवून मागे डबा सरकवणं म्हणजे धरणाला भोक पाडायला सुरुवात करून देणं. खेळाच्या नियमात खणायला बंदी आहेच, पण इथे दगड उचलायलाही बंदी समजा. २०२३ नंतर पाळीच्या मजबुतीकरणाची कामं निघाली, त्यामुळे आज असलेली खूण उद्या राहील याचा भरवसाही नाही.

होकायंत्रवाली

आकड्यांबद्दल. फोन चालतो, पण कसा वापरता त्यावर आहे.

सगळ्यात आधी आकड्यांची लिहायची पद्धत. खेळाच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं लागतात. नकाशाची अ‍ॅप बहुतेक वेळा दशांश अंश दाखवतात. २१.१४५६ अंश म्हणजे २१ अंश ०८.७३६ मिनिटं, कारण ०.१४५६ ला ६० ने गुणायचं. नवखे लोक टिंब सरकवून २१ अंश १४.५६ मिनिटं लिहितात. फरक ५.८२४ मिनिटांचा, म्हणजे डबा पावणेअकरा किलोमीटर उत्तरेला. डबा शहरातून थेट गावाबाहेर.

नागपूरच्या अक्षांशावर मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.७३ मीटर पडतो. हे दोन आकडे वहीच्या कव्हरवर लिहून ठेवा. १६१ मीटर म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ८७ हजारांश आणि पूर्व-पश्चिम ९३. नदी अंबाझरीपासून मोटामोटी पूर्वेकडे जाते, तेव्हा तुम्हाला ९३ वालाच आकडा जास्त लागेल.

घ्यायची पद्धत: फोन डब्याच्या जागी स्थिर ठेवा, हातात नको. उपग्रह दाखवणारं अ‍ॅप लावा आणि पाच मिनिटं थांबा. पहिल्या मिनिटाचे आकडे टाकून द्या, फोन तेव्हा टॉवरवरून अंदाज बांधत असतो. हे तीन-चार वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी करा. समजा मिनिटांचे हजारांश ५१२, ५१४, ५१३ आणि ५२१ आले, तर ५२१ सरासरीत घ्यायचा नाही. तो एकटाच १५ मीटर लांब गेलाय, म्हणजे भिंतीवरून परतलेला सिग्नल पकडलाय. उरलेल्या तिन्हींचा ५१३ घ्या. मग ५० मीटर लांब जाऊन तीन दिशांनी बाणामागे चालत या. तिन्ही वेळा चार-पाच मीटरच्या आत पोचलात तर झालं.

दोन जागी हे सगळं फसतं. मेट्रोच्या उड्डाणमार्गाखाली आकाश निम्मंच दिसतं, तिथे दहा-पंधरा मीटरची चूक सहज होते. आणि उभ्या गाड्यांजवळ किंवा लोखंडी कठड्याजवळ फोनचं होकायंत्र भलतीकडे बोट दाखवतं. तिथे बाण बघू नका, चालत राहा आणि अंतर कमी होतंय का तेवढं बघा. वाहन चालवायच्या मोडमधला नकाशा तर तुम्हाला ओढून रस्त्याच्या मधोमध नेतो, त्यातून आकडे कधीच घेऊ नका. उपग्रह-चित्रावर बोट टेकवूनही नको. ते चित्रच काही मीटर सरकलेलं असू शकतं.

चौकोनी_डबा

संशयाबद्दल मी लिहितो, मोकळेपणी.

आपल्याकडे बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, हे लहानपणापासून शिकवलंय आणि ते बरोबर आहे. त्यात स्टीलचा टिफिन, काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली नळी, पीव्हीसी पाइपाचा तुकडा, लष्करी हिरवा पत्र्याचा डबा, ही चार रूपं सर्वात वाईट. परदेशातल्या पानांवर गोळ्यांच्या जुन्या पेट्या आदर्श डबा म्हणून दाखवतात. नागपुरात नाही म्हणजे नाही.

पारदर्शक डबा, आतला कागद आणि पेन्सिल बाहेरून दिसेल असा. वर चिठ्ठी आतून चिकटवायची, बाहेरून नाही, कारण ऊन एका उन्हाळ्यात शाई उडवतं. मजकूर एवढा पुरे:

"हा खेळाचा डबा आहे. आत फक्त कागद आणि पेन्सिल. इथेच राहू द्या. यह खेल का डिब्बा है, कृपया यहीं रहने दें."

खाली मालकाचा मोबाइल आणि जागेची परवानगी कोणी दिली ते. लेझर प्रिंटरवर छापा, इंकजेटचं ओल लागली की पसरतं.

जागा वगळायच्या: कोणत्याही पुलाचा खांब, मेट्रोचा खांब, महावितरणचा डीपी बॉक्स, शाळेची भिंत, प्रार्थनास्थळाचं आवार, घाट. नदीवर मोक्षधाम आहे, तिथे प्रश्नसुद्धा ठेवू नका. माणसं तिथे कोणत्या मनःस्थितीत येतात ते आपल्याला माहीत आहे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे आणि ठराविक राष्ट्रीय दिवसांपलीकडे सामान्यांना खुला नसतो. त्याच्या पायथ्यालाही डबा नको, तटाचे फोटोही नकोत.

बाहेरून पाहुणे खेळाडू येणार असतील तर पानावर एक ओळ टाका: साधा हातातला जीपीएस चालतो, पण उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. परदेशी पाहुण्यांना हे माहीत नसतं आणि विमानतळावर अडचण होते.

काठावरचा

पाटकरी दादा, बिनीचं पानावर घेतोच. डागडुजी, चौकोनी, मान्य. मग शहरातल्या मधल्या पट्ट्यात ठेवायचं तरी काय? डबे काढले तर माळ कसली राहिली? झिरो माइलवरही कोणी बोललं नाही.

कोडंकार

मधल्या पट्ट्यात प्रश्न ठेवायचे, डबे नाहीत. बहुटप्पी प्रकार घ्या. पहिल्या जागी पोचून काहीतरी वाचायचं किंवा मोजायचं, त्या उत्तरावरून पुढचे आकडे, असं करत शेवटी एकच डबा. १६१ मीटरचा नियम फक्त ठेवलेल्या वस्तूंना लागतो, डोळ्यांनी वाचायच्या टप्प्यांना लागत नाही. त्यामुळे दोन पुलांमध्ये तीन प्रश्न ठेवले तरी चालतात.

"कोडं" या प्रकारात घालू नका. त्यात पानावर दिसणारी जागा आणि खरा डबा यांत ३.२ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही, आणि तुमची लांबी त्यापेक्षा जास्त आहे.

पण सातआठ टप्पे एका दोरीत ओवू नका. एक पाटी रंगवली गेली की अख्खी माळ तुटते. तीन छोट्या माळा करा, प्रत्येकी तीन टप्पे आणि एक डबा. पहिली पाळीखालून शंकरनगरच्या बाजूला, दुसरी धंतोलीच्या भागात, तिसरी महाल-जुम्मा तलाव. प्रत्येक डब्याच्या झाकणाखाली एक अंक लिहा. तिन्ही अंक मिळाले की चौथा, बोनस डबा. त्याला मात्र कोडं प्रकार चालतो, जागा अंतराच्या मर्यादेत बसवा.

प्रश्न कोरलेल्या दगडावरच बेतायचा. फ्लेक्स, पत्र्याची पाटी, झाडांची संख्या, कठड्याच्या गजांची संख्या यातलं काही टिकत नाही. जुम्मा तलावाभोवती सुशोभीकरण चाललेलंच असतं, तिथे बाकं मोजायला लावलीत तर दरवर्षी उत्तर वेगळं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अंक कोरलेले असतील तर कोणते वाचायचे ते स्पष्ट लिहा. देवनागरी १ आणि ९ यांत बाहेरचा खेळाडू हमखास गोंधळतो.

आता खरी मेख. उत्तराचा अंक मिनिटांच्या टिंबानंतरच्या तीन घरांपैकी कुठल्या घरात बसवता त्यावर चुकीची किंमत ठरते. उत्तर-दक्षिण आकड्यात शेवटचा अंक एकने चुकला तर दोन मीटरही फरक नाही. मधला चुकला तर साडेअठरा मीटर. पहिला चुकला तर १८५ मीटर, माणूस दुसऱ्याच गल्लीत. म्हणून ज्या उत्तराची तुम्हाला पक्की खात्री आहे तो अंक पहिल्या घरात, आणि "पायऱ्या किती" सारखं डळमळीत उत्तर शेवटच्या घरात.

ताळा द्या, म्हणजे सगळे अंक बरोबर आले का ते तपासायचा आकडा. नुसती बेरीज दिली तर अदलाबदल पकडली जात नाही: ४, १, ९, ०, ७, २ यांची बेरीज २३, आणि १, ४, ९, ०, ७, २ यांचीही २३. वजनी बेरीज द्या. पहिला अंक गुणिले १, दुसरा गुणिले २, असं सहापर्यंत. पहिल्याची ८० येते, दुसऱ्याची ८३. साइटवर उत्तर तपासायची सोय असली तरी कागदावरचा ताळा रेंज नसतानाही चालतो.

झिरो माइल माळेत नको. नदीपासून बाजूला पडतो, आणि विधानभवन, रिझर्व्ह बँक सगळं जवळ, अधिवेशनात तिथे उभंही राहू देत नाहीत.

पाटकरी

इथे मी कोडंकारांशी सहमत नाही बाप्पा. झिरो माइल डिसेंबरात बंद ठेवा, बाकी दहा-अकरा महिने काय अडचण आहे? डबा नाहीच, दगडावरचा एक आकडा वाचून पुढे चालायचं.

आणि संबंध आहे. लोक त्याला देशाचा मध्य समजतात, ते सोडा. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं प्रमाण उंची-चिन्ह आहे तिथे, साल १९०७. म्हणजे तो दगड अंतराइतकाच उंचीचा आहे, आणि नदी, तलाव, सांडवा, नळ, सगळं उंचीच्या हिशोबावर चालतं. या सर्वेक्षणाचा मूळ पुरुष विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, इथून फार लांब नाही. एवढं सगळं हाताशी असताना तो दगड बाहेर ठेवणं म्हणजे लग्नात नवरदेवच विसरणं.

कोडंकार

नवरदेव ठीक, पण वरात नदीवरून चाललीय. तिसऱ्या माळेच्या आधी ऐच्छिक टप्पा म्हणून ठेवा: वाचला तर बोनसच्या ताळ्यात मदत, नाही वाचला तरी डबा मिळतो. दगडावर गावांची मैलांतली अंतरं आहेत, त्यातलं एक गाव निवडा. घोडे किती असं विचारू नका, ते घरबसल्या फोटोत दिसतात. उत्तर इथे धाग्यात कोणी लिहू नका.

डबे-डागडुजी

तीन अधिक एक, म्हणजे चार डबे. आता बोलू.

तीन छोट्या डब्यांसाठी बाटलीची प्रीफॉर्म घ्या, म्हणजे फुगवण्याआधीची जाड नळी, झाकणासकट. भिंत फुगवलेल्या बाटलीपेक्षा कितीतरी जाड असते आणि सोड्याच्या दाबासाठी बनलेलं झाकण, त्यामुळे वर सांगितलेली ओढ सोसते. आत हवाही अगदी थोडी. आकार सूक्ष्म या वर्गात जातो, १०० मिलीच्या आत. रंग पारदर्शकच घ्या.

नोंदीचा कागद: ए-फोर कागद उभा धरून ७ सेंटिमीटर रुंदीच्या तीन लांब पट्ट्या. ८ मिलीमीटरवर रेषा मारल्या तर एका बाजूला पस्तीसेक नोंदी बसतात. पट्टी गुंडाळून दोऱ्याचा सैल फेरा. रबरबँड नको, उन्हात वितळून कागदाला चिकटतो. पेन्सिल ६ सेंटिमीटरची तोडून टोक वर करून ठेवा. बॉलपेन ठेवूच नका, मे महिन्यात शाई ओघळते आणि ओलसर कागदावर उमटत नाही. सिलिका जेलची पुडी टाकायची सवय असेल तर सोडा. दोन-तीन पावसांत ती भरते आणि मग आतच ओल धरून बसते.

नळी लटकवायची तर झाडाच्या फांदीला कापडी पट्ट्याने, सैल. खिळा, स्क्रू, आवळलेली तार नाही. फांदी जाड होते आणि तार सालीत रुतते. उंची साधारण सहा फूट: वाकून कचरा वेचणाऱ्याच्या नजरेच्या वर, शोधणाऱ्याच्या हाताला लागेल अशी. आणि पानावर हे नक्की लिहा की भिंतीच्या भोकात हात घालायचा नाही. तुमचा डबा तिथे नसला तरी लोक शोधतात, आणि ऑक्टोबरपर्यंत त्या भोकांत गांधीलमाश्या, विंचू, क्वचित घोणस असते. टॉर्च आणि काठी.

बोनसचा डबा मोठा ठेवा, अर्ध्या लिटरचा, आणि तो परवानगी असलेल्या बंदिस्त आवारात. तिथे खेळणी, ट्रॅव्हल बग सगळं येऊ द्या. खाऊ मात्र नाही. मुंग्या आल्या की उंदीर आलेच.

होकायंत्रवाली

परवानगीचं कोणी स्पष्ट लिहिलं नाही म्हणून. पाळ, अंबाझरी उद्यान आणि मागचं जैवविविधता उद्यान या तीन वेगळ्या जागा आहेत, एकाची परवानगी दुसरीकडे चालत नाही. अर्जात "जिओकॅशिंग" एवढंच लिहिलंत तर कोणालाच कळणार नाही. डब्याचा फोटो, मापं, जागेचा नकाशा, खणकाम नाही, खिळा नाही, महिन्यातून एकदा तपासणी, आणि सांगाल त्या दिवशी काढून नेऊ, एवढं एका पानात. पोहोच घ्या. रिव्ह्यूअर परवानगी कोणी दिली ते विचारतो, तेव्हा पद आणि तारीख सांगता आली पाहिजे.

पोचण्यासाठी दोन ठिकाणं पानावर द्या. सुरुवातीला अ‍ॅक्वा लाईनचं सुभाष नगर, शेवटी कॉटन मार्केट. एकच लाईन, गाडी बदलावी लागत नाही, त्यामुळे गाडी कुठे लावू हा प्रश्नच मिटतो.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. एप्रिल-मेमध्ये दहानंतर नको. नदीत उतरायचं नाही हे ठळक लिहा. त्या पाण्यात शहराचं सांडपाणी आहे, पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिससारखी दुखणी त्यातून होतात.

काठावरचा

सगळ्यांचे आभार. बदललेला आराखडा टाकतो.

माळ १: पाळीखाली सुरुवात, तीन वाचन-टप्पे, प्रीफॉर्म नळी. माळ २: धंतोलीचा भाग, तीन टप्पे, नळी, नदीची भिंत आणि पूल वगळून. मोक्षधामच्या अलीकडेच थांबते. माळ ३: गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, तिथून तलाव, तीन टप्पे, नळी. झिरो माइल ऐच्छिक, अधिवेशनात बंद. बोनस अर्ध्या लिटरचा, परवानगीचा अर्ज या आठवड्यात. चारही डबे बादलीच्या चाचणीनंतर.

अवघडपणा माळांना २.५, बोनसला ३. वाट सगळीकडे २. पहिल्या माळेला १ देणार होतो, पण १ म्हणजे चाकाची खुर्ची शेवटपर्यंत गेली पाहिजे, आणि वाटेत पायऱ्या आहेत.

पहिल्या माळेच्या ताळ्याचा नमुना खाली (खरे अंक नाहीत, फक्त पद्धत तपासायला): अंक ३, ०, ८, ५, ५, १. वजनी बेरीज ७९.

कोडंकार

३, ०, २४, २०, २५, ६. बेरीज ७८ येते. खऱ्या अंकांचा ताळाही दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, नाहीतर अचूक उत्तरं हातात घेऊन लोक पुलावर उभे राहतील आणि चूक स्वतःची समजून पुन्हा मागच्या टप्प्यावर जातील.